१९९४च्या आधी काय होतं? मर्सिडीजचा कारखाना-इतिहास बारामती-इंदापूरहून वाचताना

सिनॉप्सिसमधलं सगळ्यात पटकन लिहून होणारं प्रकरण कुठलं, हे तुम्हाला सांगायला नको. ‘कंपनीचा परिचय’. वेबसाइट उघडायची, ‘आमचा प्रवास’ अशा नावाचं पान शोधायचं, सनावळी उचलायची, वाक्यं जरा फिरवायची, झालं. मीही हेच केलं होतं. पुणे जिल्ह्यातल्या आलिशान मोटारींच्या उत्पादनावर पहिला आराखडा लिहिला, त्यातलं पहिलंच वाक्य होतं की मर्सिडीज-बेंझचं भारतातलं उत्पादन १९९४मध्ये सुरू झालं. गाईडनी ‘उत्पादन’ या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला आणि समासात एकच शब्द लिहिला: ‘कशाचं?’

त्या एका शब्दाने माझे आठ महिने खाल्ले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय. पेटची तयारी करताय, विषय ठरवताय, आणि बारामती, इंदापूर, दौंड पट्ट्यातले असाल तर ‘ऑटोमोबाइल क्षेत्र’ हा विषय तुमच्या डोक्यात येणारच. घरातलं कुणीतरी एमआयडीसीत असतं. तेव्हा कंपनीने स्वतःबद्दल लिहिलेला इतिहास कसा वाचायचा, हे आधी बघू.

कंपनीचे इतिहास खोटे असतात, असं माझं म्हणणं नाही. १९९४ बरोबरच आहे. त्या वर्षी मर्सिडीज-बेंझ इंडिया ही कंपनी टेल्कोच्या भागीदारीत स्थापन झाली आणि १९९५मध्ये टेल्कोच्या पिंपरीच्या आवारातून ई-क्लास बाहेर पडायला लागली. २००९मध्ये कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. यातलं प्रत्येक साल तपासून घ्या, बरोबर निघेल. माझी तक्रार मोजपट्टीबद्दल आहे. हाच ब्रँड जर्मनीत आपला इतिहास कुठून सुरू करतो? १८८६पासून, कार्ल बेंझच्या पेटंटपासून. पण ‘मर्सिडीज-बेंझ’ हे नाव जन्मलं १९२६मध्ये, डाइमलर आणि बेंझ या दोन स्पर्धक कंपन्या एकत्र आल्या तेव्हा. म्हणजे तिकडे वंशावळ नावाच्याही चाळीस वर्षं मागे ओढली जाते, दोन वेगळी घराणी एकाच झाडावर दाखवली जातात. आणि भारतात? इथे वंशावळ कंपनी-नोंदणीच्या तारखेपाशी थांबते. एकाच ब्रँडने दोन देशांत दोन मोजपट्ट्या वापरल्या की संशोधकाने तिथेच खुर्ची ओढून बसायचं.

तिकडची मोजपट्टी इकडे लावून बघा. १९५४मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. त्या ट्रकवर ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ असं नाव होतं आणि नाकावर तीन टोकांचा तारा होता. १९६९मध्ये करार संपला, तारा गेला आणि तिथे टाटांचं ‘टी’ अक्षर आलं. पण यंत्रकलेची ओळख एका दिवसात पुसली जात नाही, पुढची कित्येक वर्षं टाटाच्या ट्रकची ठेवण त्याच घराण्यातली राहिली. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही साखर कारखान्यावर ऊस घेऊन आलेल्या ट्रकच्या रांगा आठवा. आपल्या भागात मर्सिडीजची वंशावळ पहिल्यांदा आली ती अशी, उसाच्या मोळ्या अंगावर घेऊन.

दुसरी गोष्ट याहून मजेशीर आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, १९८०च्या दशकात डाइमलर-बेंझकडून ओएम६१६ या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. जर्मनीत हे इंजिन मर्सिडीजच्या २४०डी या मोटारीत बसायचं. आपल्याकडे ते कशात बसलं? ट्रॅक्समध्ये. होय, तीच ट्रॅक्स, जी बाजाराच्या दिवशी वडाप म्हणून चालायची, नऊ जणांच्या जागेत पंधरा जण आणि टपावर कोंबड्यांची डालगी. ट्रॅव्हलर ही गाडीही मर्सिडीजच्याच एका व्हॅनवरून घेतलेली. तेव्हा ‘ग्रामीण महाराष्ट्रात मर्सिडीज कधी पोचली’ असा प्रश्न कुणी विचारला आणि तुम्ही त्याचं उत्तर कुठल्या बागायतदाराने कधी गाडी घेतली यावरून दिलंत, तर ते उत्तर अर्धवट आहे. वर्तमानपत्रं मात्र तेच उत्तर देतात. ऑक्टोबर २०१०मध्ये औरंगाबादेत एकाच वेळी दीडशे मर्सिडीज विकत घेतल्या गेल्या, ती बातमी देशभर गाजली, आजही शोधनिबंधांत उदाहरण म्हणून येते. कुणी घेतल्या, कर्ज कुणी दिलं, सवलत किती मिळाली, सगळं छापून आलं. त्या गाड्या कुठल्या हातांनी जोडल्या, हे बातमीचा भाग नव्हतं.

कंपनी हे ट्रक आणि ट्रॅक्स आपल्या भारतीय इतिहासात का घेत नाही? कायद्याच्या दृष्टीने कारण सरळ आहे: त्या वेगळ्या कंपन्या होत्या, परवाना घेतलेल्या. पण १८८६ची डाइमलर आणि बेंझही वेगळ्याच होत्या की. खरं कारण बहुधा ‘लक्झरी’ या शब्दात आहे. भारतात लक्झरी मोटारींची बाजारपेठ आम्ही उभी केली, असा कंपनीचा दावा असतो. तो दावा करायचा तर सुरुवात आलिशान गाडीपासूनच करावी लागते. ऊस वाहणारा ट्रक त्या फोटोत बसत नाही. (आपल्याकडे ‘लक्झरी’ म्हटलं की आधी रात्रीची खासगी बस आठवते, ‘लक्झरीने मुंबईला गेलो’, हे गाईडना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तळटीप कर. केली आहे.)

म्हणून पहिला धडा: कंपनीचा इतिहास जिथे सुरू होतो ते साल लिहून घ्या आणि त्या सालाने काय वगळलं जातं ते शोधा. वगळलेल्या भागातच बऱ्याचदा तुमचा विषय असतो.

आता १९९४नंतरचं बघू. इथे जास्त सावध राहायचं, कारण इथे आकडे भरपूर मिळतात आणि आकडे मिळाले की आपण सैल होतो.

१९९५मध्ये पिंपरीत जुळायला लागलेली ई-क्लास डब्ल्यू१२४ मालिकेतली होती. त्याच वर्षी जर्मनीत तिची जागा नव्या डब्ल्यू२१० मालिकेने घेतली. म्हणजे तिकडे निवृत्त होणारी गाडी इकडे नवी म्हणून आली. कंपनीच्या प्रवास-पानावर ही दोन सालं शेजारी शेजारी सापडायची नाहीत. दोन वेगळ्या देशांच्या सनावळ्या तुम्हालाच एका कागदावर मांडाव्या लागतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी.

मग येतो ‘उत्पादन’ हा शब्द. आलिशान गाडी भारतात दोन वाटांनी येते: तयार गाडी म्हणून, जिला सीबीयू म्हणतात, किंवा सुट्या भागांचा संच म्हणून, म्हणजे सीकेडी, जो इथे जोडला जातो. दोन्हींवर आयात शुल्क वेगळं. पण सुटा म्हणजे किती सुटा? इंजिन तिकडेच पूर्ण जोडून पाठवलं आणि इथे नुसतं बसवलं, तर ते सुटे भाग की नाही? २०११च्या अर्थसंकल्पात सरकारने ही व्याख्या आवळली. कंपन्यांची ओरड झाली, आणि शेवटी अशी उतरंड ठरली: इंजिन, गिअरबॉक्स वगैरे न जोडता आणले तर १० टक्के, आधीच जोडून पण चासीवर न बसवता आणले तर ३० टक्के, चासीवर बसवूनच आणले तर ६० टक्के. पुढे २०१८मध्ये १०चे १५ झाले.

हे आकडे पाठ करायला सांगत नाहीये. कारखान्यात कोणतं काम होणार, हे इथे कोण ठरवतंय ते बघा. कस्टम्सचं नोटिफिकेशन. ‘आधीच जोडून’ या दोन शब्दांनी ठरतं की इंजिन जोडणारा फिटर जर्मनीत असेल की पुणे जिल्ह्यात. फोर्स मोटर्स १९९७पासून मर्सिडीजसाठी भारतात इंजिनं जोडून देते. म्हणजे ट्रॅक्सचं इंजिन बनवणारी कंपनी आणि मर्सिडीज मोटारीचं इंजिन जोडणारी कंपनी एकच. १९९४पासून सुरू होणाऱ्या इतिहासात तिला ‘पुरवठादार’ म्हणून एखादी ओळ मिळते. १९५४पासून सुरू केलात तर ती मुख्य पात्रांत येते.

एक चूक दाखवतो, कारण ती मी केली होती आणि नंतर दोन-तीन जणांच्या आराखड्यातही पाहिली. जून २०२१मध्ये नवी एस-क्लास भारतात आली ती तयार आयात होऊन. एस ४००डीची किंमत २.१७ कोटी रुपये. चारच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, चाकणला जुळलेली एस ३५०डी आली १.५७ कोटींना. साठ लाखांचा फरक. मी लिहिलं: ‘स्थानिक उत्पादनामुळे उत्पादनखर्चात मोठी घट झाली.’ वाचायला छान वाटतं ना? पण हे वाक्य टिकत नाही. आधी आलेली गाडी लाँच एडिशन होती, तिच्यात काही जादा सोयी होत्या. आणि चाळीस हजार डॉलरवरच्या तयार गाडीवर तेव्हा मूळ आयात शुल्कच १०० टक्के होतं. किंमत खाली आली ती मुख्यतः गाडी कोणत्या टप्प्यावर सीमा ओलांडते यामुळे. चाकणच्या कामगाराने त्या चार महिन्यांत खर्च साठ लाखांनी कमी केला, असं त्यातून निघत नाही. त्याच्या कामाचं मोल त्या आकड्यात दिसतच नाही. ते शोधायचं तर वेतन करार, वार्षिक अहवाल, पुरवठादारांची बिलं असल्या रुक्ष कागदांकडे जावं लागतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, चाकण आणि पिंपरी झालं, बारामतीचं काय? शीर्षकात नाव घेतलंय ना.

बारामती मला पडताळा घ्यायला उपयोगी पडली. माझं म्हणणं असं होतं की ब्रँड ‘आलिशान’ झाला की तो आपला आधीचा कारखाना विसरतो. एका उदाहरणावर असं म्हणणं उभं राहत नाही, दुसरं लागतं. ते बारामती एमआयडीसीत आहे: व्हेस्पा.

पियाजिओ ही इटलीची विमानं बनवणारी कंपनी. युद्धात पाँतेदेराचा तिचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. कोरादिनो दास्कानियो या विमान-अभियंत्याने १९४६मध्ये व्हेस्पा रेखाटली, पत्र्याच्या अखंड अंगाची, सामान्य माणसाला परवडेल अशी. दोन वर्षांनी तिचंच तीन चाकी भावंड आलं, ॲपे. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी, ॲपे म्हणजे मधमाशी. भारतात १९६०च्या सुमारास बजाजने परवाना घेऊन व्हेस्पा काढायला सुरुवात केली. १९७१मध्ये तो करार संपला आणि १९७२पासून त्याच घडणीची चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, ती ही गाडी. मग कानपूरची एलएमएल व्हेस्पा. १९९९मध्ये पियाजिओ बारामतीत आली ती ॲपे घेऊन, आधी ग्रीव्ह्जच्या भागीदारीत. दूध, भाजी, खताची पोती, शाळेची मुलं, ॲपेने काय वाहिलं नाही? आणि एप्रिल २०१२मध्ये बारामतीतूनच नवी व्हेस्पा आली. एलएक्स १२५, महाराष्ट्रात एक्स-शोरूम ६६,६६१ रुपये. तेव्हाच्या नेहमीच्या गिअरलेस स्कूटरपेक्षा ती चांगलीच महाग होती. जाहिरातीत आता सामान्य माणूस नव्हता. इटालियन जीवनशैली होती.

म्हणजे बजाजच्या काळात मध्यमवर्गाची, बारामतीच्या काळात ‘प्रीमियम’. यंत्राचं तत्त्व एक, पत्र्याचं अंग तेच, राज्यही तेच. बदललं ते दुकान आणि किंमत. जाहिरातीच्या गोष्टीत १९४६नंतर थेट २०१२ येतं. मधली आकुर्डी आणि मधलं कानपूर गायब. माझा पडताळा झाला, असं मला वाटलं.

पण पूर्ण नाही, आणि हा भाग मला जास्त आवडतो. २०१६मध्ये पियाजिओने भारतात व्हेस्पा ९४६ एम्पोरियो अरमानी आणली, बारा लाखांवर किंमत. स्कूटरला बारा लाख! खऱ्या अर्थाने आलिशान म्हणावी अशी व्हेस्पा हीच. ती बारामतीत बनत नव्हती, इटलीतून तयार यायची. ब्रँडच्या उतरंडीत शेवटची पायरी पाँतेदेराने स्वतःकडे ठेवली. मर्सिडीजचं थोडं उलटं झालं: एस-क्लाससारखी वरची गाडी चाकणला जुळते, कारण शुल्काची उतरंड तसं करायला लावते. दोन ब्रँड, दोन वेगळे निकाल. ‘आलिशान ब्रँड स्थानिक कामगाराला विसरतो’ हे माझं सुटसुटीत वाक्य इथे मोडलं. त्याच्या जागी एक लांबलचक आणि जास्त खरं वाक्य आलं, ते आरआरसीसमोर म्हणताना माझा श्वास दोनदा तुटला.

आता इंदापूर. इथे टीका कंपनीवर नाही, आपल्यावर आहे.

वालचंदनगर इंदापूर तालुक्यात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी शेती आणि १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा केला. याच वालचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. या दोन खऱ्या वाक्यांना जोडून आपल्याकडे एक तिसरं वाक्य म्हटलं जातं: ‘भारतातली पहिली मोटार आपल्या इंदापूरकरांनी काढली.’ व्याख्यानात चालेल. प्रबंधात नाही. प्रीमियरचा कारखाना होता मुंबईत, कुर्ल्याला. जनरल मोटर्स मुंबईत १९२८पासून गाड्या जुळवत होती, हिंदुस्थान मोटर्स १९४२ची. प्रीमियरने १९४७पासून क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या, आणि त्यातलीच एक गाडी डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट अशा तीन नावांनी विकली जायची. अंग जवळजवळ तेच, बिल्ले वेगळे. ‘पहिली’ म्हणण्याआधी पहिली काय, जुळवलेली की बनवलेली, हे सांगावंच लागतं. गाईडचा ‘कशाचं?’ इथेही लागू.

हाच प्रश्न सरकारनेही विचारला होता. १९५३मध्ये टॅरिफ कमिशनने मोटार-उद्योगाचा अहवाल दिला आणि धोरण ठरलं: ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहायचं. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला, प्रीमियर राहिली. वालचंद त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले. १९५३चा आणि २०११चा कागद शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत सरकार एकच गोष्ट विचारतंय, तुम्ही बनवता की जोडता. फरक शिक्षेत आहे. तेव्हा उत्तर चुकलं तर देश सोडावा लागायचा, आता जास्त शुल्क भरायचं. उदारीकरणावरचे जाड ग्रंथ मी वाचलेत, पण या दोन कागदांनी मला जास्त शिकवलं.

अभिमानाची ही एक बाजू. दुसरी चूक तुच्छतेची, आणि ती आपल्या विद्यापीठांत जास्त चालते: ‘जुळणी म्हणजे काय, पाने-स्क्रू ड्रायव्हरचं काम.’ हे मला पटत नाही. इंजिन जोडताना टॉर्क चुकला तर गाडी परत येते. रंगाच्या थराखाली धुळीचा कण राहिला तर पॅनेल बाद. ते कौशल्यच आहे. त्याला संशोधनात जागा मिळत नाही, कारण त्याचं पेटंट निघत नाही. वालचंदनगर इंडस्ट्रीजने साखर कारखान्यांची यंत्रं बनवली, पुढे पीएसएलव्हीच्या मोटर केसिंग बनवल्या. इंदापूर तालुक्यात मोटार बनली नाही, रॉकेटचा भाग बनला. पण त्या लेथवरच्या माणसाचा इतिहास लिहायला कुणी गेलं नाही, सगळे ‘पहिली मोटार’ शोधत राहिले.

सध्या माझ्या प्रबंधात ‘कंपनीचा परिचय’ हे प्रकरण नाही. त्या जागी एक तक्ता आहे. आडवी सालं, १९५४पासून. उभी क्रियापदं: ओतलं, पत्रा दाबला, वेल्डिंग केलं, रंगवलं, इंजिन जोडलं, बसवलं, तपासलं. प्रत्येक चौकटीत गावाचं नाव: जमशेदपूर, आकुर्डी, पिंपरी, चाकण. व्हेस्पासाठी वेगळा तक्ता, त्यात पाँतेदेरा, कानपूर, बारामती. बऱ्याच चौकटी अजून रिकाम्या आहेत. त्या भरायला निवृत्त कामगारांना भेटतोय. प्रश्नावली नीट मराठीत केली होती, ‘आपण वाहन-निर्मितीच्या कोणत्या टप्प्यात होता’ वगैरे. पहिल्याच भेटीत ती गुंडाळून ठेवावी लागली. शिफ्ट सुटताना बारामतीत कुणीच ‘निर्मिती’ म्हणत नाही, ‘जुळणी’ही म्हणत नाही. विचारतात, ‘आज किती निघाल्या?’ या क्रियापदाला तक्त्यात कुठे बसवायचं, हे अजून ठरलेलं नाही. सुचलं तर कळवा.